कीबोर्ड विकू नकोस, आधी केबल बघ

प्रिय संज्या,

तुझा मेसेज ऐकला आणि लगेच लिहायला घेतलं, कारण शेवटी तू म्हणालास की शनिवारी दुकानात जाऊन जुना म्युझिक कीबोर्ड एक्स्चेंजमध्ये देऊन टाकतो. प्लीज असं काही करू नकोस. त्या कीबोर्डच्या कीज बोटाला किती छान लागतात ते तुला माहितीये, आणि तू जे सांगतोयस ना, लॅपटॉपला जोडल्यावर सूर मधेच अडकून वाजतच राहतो, कधी लॅपटॉपकडे काहीच जात नाही, परवा सगळं डबल वाजलं, त्यातलं काहीही मला कीबोर्ड बिघडल्याचं लक्षण वाटत नाही. हे तीन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि तू सगळ्यांवर एकच औषध करतोयस, सॉफ्टवेअर काढ आणि परत टाक.

बघ, मिडी म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा, आणि तिच्या केबलमधून आवाज जातच नाही. नुसता निरोप जातो की अमुक की दाबली, इतक्या जोरात दाबली, आणि मग ती सोडली. दाबल्याचा निरोप पोचला आणि सोडल्याचा वाटेत हरवला की समोरचा सिंथ, म्हणजे आवाज तयार करणारा, बिचारा वाजवतच बसतो, तोच तुझा अडकलेला सूर. तेवढ्यापुरतं रीपरमधून, म्हणजे तुझ्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधून, सगळ्या नोट्स बंद करायची कमांड दे, पण निरोप हरवतोय कुठे ते शोधायला हवं आणि मला पहिला संशय त्या यूएसबीवाल्या स्वस्त केबलचाच आहे. मिडीच्या नियमाप्रमाणे इनच्या बाजूला ऑप्टोकप्लर असावा लागतो, म्हणजे दोन मशीनमध्ये विजेचा थेट संबंध येत नाही, निरोप प्रकाशावरून पलीकडे जातो आणि ग्राउंडची घरघर पण येत नाही. एकदम स्वस्त केबलींमध्ये कधीकधी तोच गाळलेला असतो, किंवा आतली चिप जरा जास्त डेटा आला की बाइट्स खाते. आणि डेटा काही फार जोरात येत नाही रे, सेकंदाला ३१,२५० बिट्स, १९८३ पासून तोच स्पीड आहे. एक नोट म्हणजे तीन बाइट्स, साधारण एक मिलिसेकंद. एवढं पण ज्या केबलला झेपत नाही ती बदलायची. कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी नीट मिडी सॉकेट असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे वाद्य लॅपटॉपला जोडायचा डबा, आण आणि त्याच्यावर लावून बघ.

पण त्याच्याआधी फुकटातलं बघून घे. त्या केबलच्या दोन पिनांवर इन आणि आउट लिहिलंय ना, ते अदलाबदल करून बघ. बऱ्याचशा केबलींवर इन लिहिलेली पिन कीबोर्डच्या आउटमध्ये जाते, पण काही कंपन्या उलट लिहितात, म्हणजे ज्या सॉकेटात घालायची त्याचं नाव, आणि माणूस हमखास फसतो. उलटं लागलं तरी काही जळत नाही, करंट फक्त ५ मिलिअँपिअरच्या आसपास असतो, बिनधास्त कर.

मग रीपर बंद ठेव आणि मिडी-ऑक्स उघड, आलेले मिडीचे निरोप स्क्रीनवर दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे. एक की दाब. तिथे नोट दिसली तर कीबोर्ड, केबल आणि विंडोज तिघंही बरोबर आहेत आणि घोळ रीपरच्या सेटिंगमध्ये आहे. नाही दिसली तर रीपरला हातच लावू नकोस, मागे केबलकडे जा. हे अर्धं-अर्धं करत जाणं मला फार महत्त्वाचं वाटतं कारण त्याच्याशिवाय माणूस रात्रभर चुकीच्या जागी शोधत बसतो. फक्त तिथे काही न दाबता सारखं एफई असं येत राहिलं तर घाबरू नकोस, ते अ‍ॅक्टिव्ह सेन्सिंग, मी जिवंत आहे असं कीबोर्ड जास्तीत जास्त ३०० मिलिसेकंदांनी सांगत असतो, फिल्टर करून टाक.

कधी काहीच जात नाही म्हणतोस, त्याचं कारण मला वाटतं असं असेल की बऱ्याच विंडोज मशीनवर मिडीचा पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. तू क्रोममध्ये ते ऑनलाइन पियानोचं पेज उघडं ठेवतोस ना? ते पोर्ट धरून बसलं की रीपरला तो मिळतच नाही. म्हणून मिडी-ऑक्स पण काम झालं की बंद कर. आणि यूएसबी हबमधून काढून केबल सरळ लॅपटॉपला लाव, पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद कर, नाहीतर थोडा वेळ वाजवलं नाही की पोर्ट झोपतो.

डबल वाजण्याचं तर अगदी सोपं आहे. की दाबली की कीबोर्ड स्वतःचा आवाज काढतो, शिवाय नोट रीपरमध्ये जाऊन परत त्याच कीबोर्डकडे येते आणि तो पुन्हा वाजवतो, म्हणून ते पोकळ, फेज झाल्यासारखं ऐकू येतं. मेनूत लोकल कंट्रोल असेल, ऑफ कर. मग कीबोर्ड फक्त रीपरकडून आलेलंच वाजवेल. काही मॉडेलवर बंद करून चालू केलं की ते परत ऑन होतं, तेवढं लक्षात ठेव. आणि सस्टेन पेडल उलटं चालायला लागलं तर पेडलवर पाय न ठेवता कीबोर्ड बंद-चालू कर, बरेच कीबोर्ड चालू होतानाच पेडलची दिशा ओळखतात.

की दाबल्यावर आवाजाला उशीर होतो असंही म्हणालास, तो मिडीचा नाही, ऑडिओच्या बफरचा आहे, म्हणजे लॅपटॉप आवाज वाजवण्याआधी जेवढा तुकडा साठवून घेतो त्याचा. ४४.१ किलोहर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, त्यात ठेक्यावर वाजवणं अवघड जातं, १२८ केलास तर ३ च्या आत येतं. आसिओ ड्रायव्हर लाव, त्याने आवाज कमी उशिराने बाहेर येतो, आणि रेकॉर्ड करताना १२८, मिक्सला बसशील तेव्हा वाढव.

हे सगळं करून बघ आणि अभंगाचा तो हार्मोनियमचा पीस वाजवलास की मला मिडी फाइलच पाठव, नुसता एमपीथ्री नको, म्हणजे इथे मी दुसरा टोन लावून, एखादी नोट मागेपुढे करून बघू शकेन. टेम्पो किती ठेवलायस तेही लिही.

तुझा,
बाळ्या