बोकडाचे दात पाहता, वीर्यही पाहा

मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

सरकारी योजनेतून दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट लाभार्थ्याच्या दारात उतरतो, तेव्हा पुढच्या सगळ्या करडांचे निम्मे रक्त त्या एका बोकडाचे असते. पण बाजारात त्याची पारख होते ती दात, वजन, उंची आणि काळ्याभोर रंगावर. अंगाने भरलेला, शेळीमागे धावणारा बोकड फळवेलच असे नाही. शेळ्या गाभ न राहता 21 दिवसांनी उलटू लागल्या, म्हणजे पुन्हा माजावर येऊ लागल्या, की बोल मात्र शेळ्यांना लागतो.

आमची मागणी एवढीच: मराठवाड्यात वाटायचा प्रत्येक उस्मानाबादी बोकड वीर्य तपासूनच द्यावा, आणि ती तपासणी बोकड असेल तिथेच व्हावी. नमुना मोटारसायकलवरून जिल्ह्याला न्यायचा म्हणजे वाटेतच मारायचा.

काम अवघड नाही. माजावरची शेळी बांधावी, बोकडाला एक-दोनदा नुसते चढू देऊन मागे ओढावे, मग कृत्रिम योनीत (गरम पाण्याचे आवरण असलेल्या नळीत) वीर्य घ्यावे. आतले तापमान 42 ते 45 अंश हवे. कमी पडले तर बोकड धक्का मारत नाही, फार तापले तर नमुन्यात लघवी उतरते. बरेच दिवस रिकामा असलेल्या बोकडाला पहिल्या नमुन्यावर नापास करू नये. त्यात साठून मेलेले शुक्राणू असतात.

नळी लगेच 37 अंशांच्या पाण्यात उभी करावी. चांगला नमुना अर्धा ते एक मिली भरतो आणि सायीसारखा दाट असतो. गुलाबी झाक म्हणजे रक्त, पिवळट रंग आणि उग्र वास म्हणजे लघवी. पातळ न केलेला थेंब कोमट काचपट्टीवर पाहिला की उकळी फुटल्यासारख्या लाटा दिसायला हव्यात. 0 ते 5 च्या मापात किमान 3. पातळ केल्यावर सरळ पुढे पोहणारे 70 टक्के तरी हवेत, संख्या मिलीला 200 कोटींच्या वर. इओसिन-निग्रोसिन या रंगांच्या लेपात मेलेले गुलाबी होतात, जिवंत पांढरे राहतात. तिथेच वाकड्या शेपट्याही मोजाव्यात.

चुका होतात त्या बारीकसारीक गोष्टींत. काचपट्टी गार असली की शेपट्या वेटोळ्या होतात आणि लाट थांबते. नळीत पाण्याचा थेंब राहिला तरी तेच. दोष कर्मचाऱ्याचा, नापास बोकड! म्हणून 1962 या मदत क्रमांकावर फोन केल्यावर येणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाच्या गाडीत गरम पाटाचा सूक्ष्मदर्शक, छोटे जलपात्र आणि इन्व्हर्टर द्यावा.

तारखेचेही बघावे. बोकडात शुक्राणू तयार व्हायला सुमारे 47 दिवस लागतात, बाहेर पडायला आणखी दोनेक आठवडे. मेच्या 42 अंशांनी केलेले नुकसान जुलैत, ऐन पावसाळी माजात दिसते. मार्चचा दाखला तेव्हा कामाचा नाही. आणि नापास बोकड लगेच खाटकाकडे न धाडता सावलीत ठेवून 60 दिवसांनी पुन्हा तपासावा. ब्रुसेलाची (गर्भपात घडवणाऱ्या संसर्गजन्य रोगाची) रक्तचाचणी मात्र पहिल्याच दिवशी.

कृत्रिम रेतनासाठी गोठित रेतमात्रा (गोठवलेल्या वीर्याच्या मात्रा) वाढवायच्या असतील तर वळूच्या वीर्यासाठीचे 20 टक्के अंड्याच्या बलकाचे पातळक (वीर्य पातळ करायचे द्रावण) बोकडाला जसेच्या तसे वापरू देऊ नये. बोकडाच्या वीर्यातले एक विकर (एन्झाइम) बलकातल्या लेसिथिन या स्निग्ध घटकाचे तुकडे करते आणि ते शुक्राणूंना मारतात. वीर्य धुऊन घ्यावे, नाहीतर बलक अगदी थोडे ठेवावे.

यंदाच्या गट-खरेदीच्या अटींत वजन आणि दातांखाली एवढी एक ओळ टाकावी: वीर्यतपासणी, तारखेसह.

आपले,
मराठवाड्यातील काही पशुवैद्यक