रक्त दिसले की चित्रपट हलका?

रविवारच्या पुरवणीत कमी खर्चातल्या रक्तबंबाळ भयपटांवर आलेला लेख वाचला. असे चित्रपट परीक्षणाच्याही लायकीचे नसतात, हे लेखकाचे मत पटले नाही.

अमेरिकी दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा भयपट १९६८ साली सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये तयार झाला. हॉलीवूडच्या मानाने ही चिल्लरच. कृष्णधवल असल्यामुळे रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप वापरले, तेही खपून गेले! ‘व्हरायटी’ या चित्रपट व्यवसायावरच्या अमेरिकी नियतकालिकाने तेव्हा त्याच्यावर सडकून टीका केली. त्याच चित्रपटाला १९९९ मध्ये जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदवहीत स्थान मिळाले. दरम्यान चित्रपटातली एक चौकटही बदललेली नव्हती.

आणि हे कोल्हापूरकरांना नव्याने सांगावे लागू नये. आपल्याच गावचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या १९२०च्या ‘सैरंध्री’ या मूकपटातला कीचकवध इतका हुबेहूब वठला होता, की सेन्सॉरने तो प्रसंग कापायला लावला. त्यावरून पेंटरांना कोणी किळसवाणे ठरवत नाही. उलट त्यांच्या कौशल्याचा दाखला म्हणून आपण ती हकिगत अभिमानाने सांगतो.

भयपट सरसकट चांगले असतात असे माझे म्हणणे नाही. बरेचसे टुकारच असतात, पैसे देऊन पाहिले आहेत. पण ते टुकार का, हे परीक्षकाने पटकथा, छायाचित्रण, संकलन यांवर बोट ठेवून सांगावे. संबंधित लेखात यातल्या एकाचाही उल्लेख नाही; रक्त किती सांडले, एवढाच हिशेब आहे.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर