ऑगस्टात मॉरिशसला निघालेल्या मित्रास

नाशिक,
जूनचा दुसरा आठवडा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

बेल मारच्या त्या हॉटेलचे पैसे अजून भरले नसशील तर थांब. ऑगस्टात ते एवढं स्वस्त का मिळतंय, हे आधी समजून घे. बेल मार हे गाव मॉरिशसच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. मे ते सप्टेंबर तिथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि जुलै-ऑगस्टात त्यांचा जोर सगळ्यात जास्त असतो. हा वारा थेट पूर्व किनाऱ्यावर येऊन आदळतो. वाळू अंगाला टोचते, पाणी गढूळ होतं, संध्याकाळी स्वेटर घालून बसावं लागतं. काकूंना तर तिथे दोन दिवसांतच कंटाळा येईल.

बेटाच्या मधोमध पठार आणि डोंगर आहेत. वारा तिथे अडतो, पाऊसही तिथेच पडतो आणि पश्चिम किनारा कोरडा राहतो. इगतपुरी भिजते आणि पिंपळगावला ढग नुसते डोक्यावरून जातात, तसंच. म्हणून ऑगस्टात मुक्काम पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकला कर, नाहीतर वायव्येला त्रू-ओ-बिशला. पश्चिम म्हटल्यावर ल मॉर्नचं नाव कोणीतरी सुचवेलच. तो डोंगर जरूर बघ, २००८ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. पण मुक्काम तिथे नको. बेटाच्या त्या कोपऱ्याला वळसा घालून वारा जोरात घुसतो, म्हणूनच मोठ्या पतंगाच्या दोरीवर पाण्यावरून घसरणारे लोक तिथे जमतात. घरच्यांना निवांत डुंबायला ती जागा नाही.

आता ऊन आणि थंडी. आपलं नाशिक विषुववृत्तापासून उत्तरेला साधारण २० अंशांवर आहे आणि मॉरिशस दक्षिणेला तेवढ्याच अंतरावर. त्यामुळे तिथला ऑगस्टच्या मध्यावरचा दुपारचा सूर्य आपल्या फेब्रुवारीच्या मध्यावर असतो तेवढ्याच उंचीवर येतो. फरक वाऱ्याचा. अंगाला गार वाटत राहतं, ऊन जाणवतच नाही आणि रात्री पाठ भाजल्याचं कळतं. सनस्क्रीन लोक फार कमी लावतात, त्यामुळे बाटलीवर लिहिलेलं संरक्षण मिळत नाही. मोठ्या माणसाच्या सगळ्या उघड्या अंगाला एका वेळी साधारण ३० मिली लागतं आणि दर दोन तासांनी, तसंच पाण्यातून बाहेर आल्यावर, पुन्हा लावायचं असतं. चौघांसाठी आठवडाभर तेवढं न्यायचं तर लिटरांचा हिशोब होईल. त्यापेक्षा प्रत्येकाला पूर्ण बाह्यांचा, पोहताना घालायचा घट्ट टी-शर्ट घे. मग चेहरा, मान, हात आणि पाय एवढंच उरतं. १०० मिलीपेक्षा मोठी बाटली हातातल्या बॅगेत चालत नाही, ती चेक-इनच्या बॅगेत टाक.

समुद्राचं पाणी तेव्हा २२-२३ अंश असतं. ऐकायला ठीक वाटतं, पण वाऱ्यात बाहेर आल्यावर लहान मूल कुडकुडतं. लेकीसाठी दोन मिलिमीटर जाडीचा, आखूड बाह्यांचा वेटसूट (पाण्यात ऊब देणारा घट्ट पोशाख) घे आणि वीस-पंचवीस मिनिटांनी तिला बाहेर काढ. ओठ निळसर दिसले की त्या दिवसाचं पोहणं संपलं, ती कितीही रडली तरी.

पाण्याखाली बघायचा मास्क मात्र इथूनच घेऊन जा. भाड्याच्या मास्कची रबराची कड कडक झालेली असते आणि पाणी आत शिरतं. विकत घेताना पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकव, नाकाने हलका श्वास आत घे आणि हात सोड. मास्क तसाच चिकटून राहिला तर तो तुझ्या चेहऱ्याचा. पडला तर कितीही महाग असो, ठेवून दे. गळायला लागला की लोक पट्टा आणखी आवळतात आणि त्याने गळती वाढते, कारण कड मुडपते. पट्टा सैलसरच हवा आणि कडेखाली केस अडकलेले नकोत. तुझ्या मिशांचा प्रश्न आहेच. सगळ्या काढू नकोस, नाकाच्या लगेच खालची बोटभर पट्टी बारीक कर, पुरे. वहिनींना चष्मा आहे, तेव्हा नंबरच्या काचांचा मास्क आधीच सांगून ठेव, त्याला वेळ लागतो. नव्या मास्कच्या काचेवर आतून कारखान्यातला थर असतो, त्यामुळे तो सतत धुरकटतो. साधी पांढरी टूथपेस्ट लावून दोन-तीनदा बोटाने चोळ आणि धू. निघण्याआधी आपल्या सावरकर जलतरण तलावावर चार-पाच सकाळी तोंडाने नळीतून श्वास घ्यायचा सराव करा. उथळ पाण्यात उभं राहून नळीत पाणी जाऊ द्यायचं आणि जोरात फुंकून बाहेर टाकायचं. एवढं जमलं की समुद्रात घाबरायला होत नाही.

आणि हे सगळ्यांना समोर बसवून सांग. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, आत शांत उथळ पाणी. लांबवर पांढऱ्या फेसाची रेघ दिसते ते कडं. लाटा त्यावरून पाणी आत ढकलतात आणि ते पाणी कड्यातल्या फटींतून परत बाहेर जातं. फेसाच्या रेघेत जिथे खंड आणि गडद निळं पाणी दिसेल ती फट. तिच्या आसपास पोहायला जायचं नाही, तिथली ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर नेते. कोणी सापडलंच तर प्रवाहाच्या विरुद्ध हातपाय मारून दमायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करायचा आणि ओढीला आडवं सरकायचं. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी हे कडंच नाही. तिथे उभं राहून समुद्र बघायचा, पाण्यात पाय घालायचा नाही.

पायात रबरी तळव्याचे पाण्यातले बूट सगळ्यांना हवेतच. मेलेलं प्रवाळ धारदार असतं, समुद्री साळू असतात आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासाही असतो. बूट पायाला घट्ट बसणारे घे, ओले झाले की ते सैल होतात आणि आत वाळू जाऊन फोड येतात. त्या माशाचा काटा लागलाच तर पाय सोसवेल तेवढ्या, साधारण ४५ अंश गरम पाण्यात बुडवायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. शंख उचलायचे नाहीत, काहींच्या आतला जीव डंख मारतो. शिवाय शंख आणि प्रवाळ देशाबाहेर आणायला बंदी आहे.

कागदपत्रांत विशेष अडचण नाही. आपल्याला पर्यटनाचा व्हिसा तिथे उतरल्यावर फुकट मिळतो. परतीचं तिकीट आणि मुक्कामाचं बुकिंग छापून जवळ ठेव, प्रवासापूर्वीचा ऑनलाइन अर्ज भर. पासपोर्टला परतीनंतर सहा महिने तरी शिल्लक असू देत. लेकीचा आजच काढून बघ, लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो आणि घरोघरी तोच निसटतो.

सामानात द्राक्षाची काडी, बी, ताजी फळं, रोप असलं काहीही नको. ऊस तर नकोच. बागेतली माती लागलेले बूटही नेऊ नकोस, नेलेस तर तळवे घासून धुऊन. बंद पाकिटातला गोडा मसाला, चिवडा, चहा चालतो, पण विचारलं तर दाखवायचं. तिथे सिगारेटचे कोरे कागद आणि ई-सिगारेट न्यायलाही मनाई आहे. औषधांबाबत नियम कडक आहेत. काकूंच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आठवडाभर जास्तीच्या आणि सगळ्या हातातल्या बॅगेत. त्यांत झोपेची किंवा जोराच्या वेदनाशामकाची गोळी असेल तर तिला आधी परवानगी लागते, डॉक्टरांना आत्ताच विचार.

बोटीची सहल सकाळचीच घ्या, दुपारी वारा चढतो. ज्याला गाडी लागते त्याला बोट लागणारच. अवोमिनची गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर तरी आधी हवी. लेकीचं प्रमाण आणि काकूंना चालेल का, हे डॉक्टरांकडून. काकूंना पाण्यात न उतरता प्रवाळ बघायचं असेल तर ब्लू बेला तळाशी काच असलेल्या होड्या आहेत.

ग्रां बासँच्या गंगा तलावाला काकू जाणारच. तो पठारावर आहे, किनाऱ्यापेक्षा तिथे चार-पाच अंश गार आणि पाऊस केव्हाही. शाल आणि छत्री गाडीत ठेव. वेळ मिळाला तर कास्कावेलला जा, तिथे आपली मराठी वस्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट चुकवू नकोस. करारावर नेलेले भारतीय मजूर १८४९ पासून तिथेच उतरले.

खाण्याचे हाल होणार नाहीत, डाळ भरलेली दाल पुरी रस्त्यावर मिळते. नूडल्समध्ये मात्र शिंपल्याचा सॉस घालतात, काकूंसाठी विचारून घ्या. पैशांचं म्हणशील तर तिथला रुपया आपल्या जवळजवळ दुप्पट आहे. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून इथेच चालू कर. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआयही सुरू झालंय, पण तेही आधी चालू करावं लागतं आणि सगळीकडे चालत नाही, म्हणून थोडी रोकड हवीच. ओटीपीसाठी एक भारतीय सिम रोमिंगवर ठेव. आपली गोल पिन तिथल्या चौकोनी भोकांत बसत नाही. एक अडॅप्टर आणि घरचा एक्स्टेन्शन बोर्ड नेलास की सगळे मोबाइल लागतात. त्यावर इस्त्री किंवा किटली लावू नका.

राहिला आपलाच रस्ता. ऑगस्टच्या पावसात कसारा घाटाचा भरवसा नाही. इगतपुरीहून समृद्धीने आमण्यापर्यंत उतर, पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच. विमानाच्या तीन तास आधी पोचायचं, प्रवासाचे पाच तास आणि वर तीन तास राखीव, असा हिशोब धर. पहाटेचं विमान असेल तर आदल्या रात्री मुंबईतच राहा.

हॉटेल बदललंस की कळव. मास्क घ्यायला नाशिकला येशील तेव्हा वहिनींना आणि लेकीलाही सोबत आण, चेहऱ्यावर लावून बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत.

काकूंना नमस्कार.

तुझा मित्र