फ्लॅशच्या सेलचा प्रश्न दीड व्होल्टचा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

छायाचित्रणाचा छंद नव्याने लागलेल्यांसाठी आपल्या रविवारच्या पुरवणीत जो लेख प्रसिद्ध झाला, तो एकंदरीत उपयुक्त होता. फ्लॅशचे तोंड छताकडे वळवून उजेड मऊ करून घेण्याविषयी त्यात जे लिहिले आहे, त्याच्याशी माझा कसलाही मतभेद नाही. मात्र लेखाखालच्या चौकटीत, ‘फ्लॅशमध्ये शक्यतो एकदाच वापरायचे अल्कलाइन सेल घालावेत, कारण ते १.५ व्होल्टचे असतात. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचेच असल्याने फ्लॅश मंद पडतो,’ असा जो सल्ला दिला आहे, तो चुकीचा आहे. चुकीचा असूनही तो चटकन पटतो, कारण सेलवर छापलेले आकडे त्याच्याच बाजूने साक्ष देतात. मीही सुरुवातीला हाच सल्ला प्रमाण मानला होता आणि त्यापायी एका समारंभाची निम्मी छायाचित्रे गमावली होती, म्हणून हे पत्र थोड्या विस्ताराने लिहीत आहे.

फ्लॅशमधली नळी सेलवर थेट पेटत नाही, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी. चार पेन्सिल सेलचे मिळून होणारे पाच-सहा व्होल्ट आतले सर्किट सुमारे ३०० व्होल्टपर्यंत चढवते, ती वीज एका मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते आणि शटर दाबताच तो कपॅसिटर झेनॉन वायूच्या नळीत क्षणार्धात रिकामा होतो. म्हणजे उजेड देतो तो कपॅसिटर. सेलचे काम तो पुन्हा भरण्याचे. कपॅसिटर पुरता भरलेला असेल, तर सेल कोणत्याही जातीचे असोत, उजेड तेवढाच पडतो. सेल बदलल्याने फरक पडतो तो दोन लखलखाटांमधल्या वेळात. ‘फ्लॅश मंद पडतो’ हे वाक्य त्यामुळे नेमके नाही. फ्लॅशला उशीर होतो आणि छायाचित्रकाराने तेवढा धीर धरला नाही, तर अर्धवट भरलेल्या कपॅसिटरमुळे चित्र काळे येते.

आता उशीर कोणत्या सेलमुळे अधिक होतो, ते पाहू. प्रत्येक सेलच्या पोटात स्वतःचा थोडा विद्युतरोध असतो आणि वीज बाहेर पडताना काही व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. भिंतीवरच्या घड्याळाला इतकी नगण्य वीज लागते की तिथे हा रोध जाणवतही नाही; पण कपॅसिटर भरताना फ्लॅश सेलकडून काही अँपिअर ओढतो आणि मग सगळा हिशेबच उलटा होतो. नव्या अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध ०.१५ ओहमच्या आसपास धरला, तर चार सेलचा ०.६ ओहम होतो. ४ अँपिअर ओढल्यावर २.४ व्होल्ट आतच जिरतात आणि कागदावरच्या ६ व्होल्टपैकी ३.६ व्होल्ट फ्लॅशच्या हाती लागतात. निकेल-मेटल हायड्राइड जातीच्या चांगल्या रिचार्जेबल सेलचा रोध ०.०३ ओहमच्या घरात असतो. त्याच ४ अँपिअरला अशा चौकडीचे अर्धा व्होल्टदेखील गळत नाहीत आणि ४.८ मधून ४.३ व्होल्ट बाहेर येतात. वेष्टनावर कमी दिसणारा सेल प्रत्यक्ष कामात अधिक व्होल्ट देतो, तो असा. शिवाय ही तुलना दोन्ही सेल ताजे असतानाची आहे. अल्कलाइन सेल जसजसा वापरला जातो, तसतसा त्याचा व्होल्टेज सतत उतरत जातो आणि रोध वाढत जातो. रिचार्जेबल सेल मात्र बहुतेक सारा वेळ १.२ च्या आसपास तग धरून असतो आणि अगदी शेवटी एकदम बसतो.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते मी एका बक्षीस समारंभात अनुभवले. पाकिटातून नुकतेच काढलेले चार अल्कलाइन सेल फ्लॅशमध्ये घातले होते. पहिल्या पंधरा-वीस चित्रांपर्यंत काही कळले नाही. फ्लॅश उडाला की आतून ती ओळखीची बारीक शीळ ऐकू येई, चार-पाच सेकंदांत तयारीचा दिवा लागे, आणि तोवर पुढचा विजेता मंचावर आलेला असे. मग शीळ लांबत गेली. तिसाव्या चित्राच्या सुमारास मी मनात दहापर्यंत मोजले तरी दिवा लागेना, आणि मंचावर बक्षीस घेणारा माझ्यासाठी थोडाच थांबणार होता? मी दिव्याची वाट न पाहता बटण दाबत राहिलो. घरी येऊन पाहतो तो कुठे पाहुण्यांचा हात तेवढा उजळलेला, कुठे नुसता पडदा. सेल काढताना ते हातात धरवत नव्हते इतके तापले होते, आणि हे तापणे म्हणजे वर सांगितलेले, आतच जिरलेले २.४ व्होल्टच होत. गमतीचा भाग पुढेच आहे. फ्लॅशने ‘संपले’ म्हणून टाकून दिलेल्या त्याच सेलपैकी एक मी भिंतीवरच्या घड्याळात घातला, तर ते घड्याळ कित्येक महिने बिनतक्रार चालले. त्या सेलमध्ये वीज शिल्लक होती, ती घाईने देण्याची ताकद तेवढी उरली नव्हती.

क्षमतेच्या आकड्यांतही हीच मेख आहे. अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता २५०० मिलिअँपिअर-तास किंवा त्याहून अधिक सांगितली जाते, पण ती अगदी संथ वापरातली. फ्लॅशसारख्या खादाड उपकरणात तिचा निम्मा भागही हाती लागत नाही. २००० मिलिअँपिअर-तासांचा रिचार्जेबल सेल मात्र जवळपास छापलेल्या आकड्याइतके काम करून दाखवतो. अशा चार सेलमध्ये मिळून साधारण ३४,५०० जूल ऊर्जा असते. फुल पॉवरच्या एका लखलखाटाला ७५ जूल धरले आणि वाटेत निम्मी ऊर्जा वाया गेली असे मानले, तरी सव्वादोनशेच्या आसपास लखलखाट निघतात. रोजच्या कामात फुल पॉवर क्वचितच लागते, त्यामुळे प्रत्यक्षात एका चौकडीत संबंध कार्यक्रम सहज पार पडतो.

रिचार्जेबल सेलविषयी लोकांच्या मनात जी अढी आहे, ती निराधार नाही, हे मान्य करायला हवे. फक्त ती आता जुनी झाली आहे. निकेल-कॅडमियमच्या सेलचा जमाना ज्यांनी पाहिला, त्यांना त्या सेलची ‘स्मृती’ (पुरता रिकामा न करता वारंवार चार्ज केला, की सेल तेवढ्याच वापराची सवय लावून घेई) सांभाळण्यासाठी केलेल्या कसरती आठवत असतील. पुढे निकेल-मेटल हायड्राइड आले, पण सुरुवातीचे ते सेल नुसते पिशवीत पडल्या पडल्या झिरपत असत आणि महिन्याभराने काढावेत तर निम्माशिम्मा दम गेलेला असे. ही खोड मोडली ती २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनलूप हे सेल बाजारात आणल्यावर. चार्ज करून वर्षभर ठेवले तरी त्यांत ८५ टक्के वीज शिल्लक राहते, असा कंपनीचा दावा होता आणि माझा अनुभव त्याच्या फारसा विरुद्ध नाही. आज अनेक कंपन्या याच धर्तीचे सेल बनवतात. ‘वापरण्यास तयार’ किंवा ‘आधीच चार्ज केलेले’ असे वेष्टनावर लिहिलेले असेल, तर ते बहुधा याच जातीचे असतात.

मात्र इथेही मोठ्या आकड्याच्या मोहात पडू नये. २५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल २००० वाल्यांपेक्षा एका चार्जमध्ये थोडे जास्त चालतात खरे, पण त्यांचे आयुष्य बरेच कमी असते. एनलूपच्याच बाबतीत, ते आता बनवणाऱ्या पॅनासॉनिक कंपनीचे आकडे पाहिले, तर साध्या सेलसाठी २१०० वेळा आणि जादा क्षमतेच्या सेलसाठी ५०० वेळा चार्ज करता येईल, असे सांगितलेले आहे. मी साधेच घेतो आणि एक चौकडी जास्तीची बाळगतो.

‘रिचार्जेबल सेल ऐन वेळी दगा देतात’ असे जे म्हणतात, त्यांचा चार्जर मला आधी पाहावासा वाटतो. दोन-दोन सेल जोडीनेच चार्ज करणारे आणि ठरावीक तासांनी आपोआप बंद होणारे स्वस्तातले चार्जर जोडीतला एक सेल उपाशी ठेवतात आणि दुसऱ्याला अजीर्ण करतात. प्रत्येक सेलसाठी स्वतंत्र वाहिनी असलेला आणि सेल भरल्यावर व्होल्टेज किंचित खाली येतो ती खूण ओळखून थांबणारा चार्जर घेतला, तर निम्म्या तक्रारी संपतात. उरलेल्या निम्म्या सेलची सरमिसळ केल्याने उद्भवतात. चारपैकी एक सेल इतरांपेक्षा दुबळा असला, की तो सर्वांत आधी रिकामा होतो आणि बाकीचे तिघे त्याच्यातून उलट्या दिशेने वीज ढकलून त्याला कायमचा निकामी करतात. माझ्या हातून हे एकदा झाले. एक सेल हरवला म्हणून मी रेडिओतला एक काढून त्याच्या जागी घातला आणि दोन-तीन वापरांतच ती चौकडी मोडीत निघाली. तेव्हापासून प्रत्येक चौकडीवर न पुसणाऱ्या पेनाने एकच अक्षर लिहितो; ‘क’चे चारही सेल एकत्र चार्ज होतात, एकत्र वापरले जातात आणि वापरलेले सेल डबीत उलटे ठेवले जातात. यात कोणाला कटकट वाटेल, पण फिल्मच्या रिळांवर तारखा लिहिणाऱ्यांना ती वाटू नये.

एकदाच वापरायच्या सेलना माझ्या पिशवीत जागा नाही असे नाही. लिथियमचे, म्हणजे अल्कलाइनच्याच मापाचे पण पुन्हा चार्ज न होणारे लिथियम सेल मी अडीअडचणीसाठी बाळगतो. अल्कलाइन सेल सुमारे २३ ग्रॅमचा, तर हा १५ ग्रॅमच भरतो, कडाक्याच्या थंडीत गारठत नाही आणि वर्षानुवर्षे पडून राहिला तरी शाबूत असतो. पण झपाट्याने एकामागून एक फ्लॅश उडवल्यास तो तापतो आणि त्याच्या आतली सुरक्षा-यंत्रणा वीज अडवते. शिवाय कोऱ्या सेलचा व्होल्टेज १.८ च्या जवळ जाऊ शकतो. म्हणून असे सेल घालण्यापूर्वी फ्लॅशच्या माहितीपुस्तिकेत त्यांना परवानगी आहे का, हे पाहावे. अल्कलाइन सेल रेडिओ ट्रिगरसारख्या (फ्लॅश दुरून, बिनतारी उडवणाऱ्या) अल्पाहारी उपकरणांत ठीक चालतात, पण काम संपल्यावर ते काढून ठेवावेत. एक जुना फ्लॅश मी सेलसकट कपाटात विसरलो होतो. झाकण उघडले तेव्हा स्प्रिंगांवर पांढरी खरपुडी चढली होती आणि एक स्प्रिंग तर हात लावताच तुटून आली.

एक सावधगिरीची सूचना मात्र त्या चौकटीत यायलाच हवी होती. पेन्सिल सेलच्याच मापाचे ३.७ व्होल्टचे लिथियम-आयन सेलही मिळतात. ते चार्ज होतात म्हणून कोणी चार सेल फ्लॅशमध्ये घातले, तर सहाऐवजी जवळपास १५ व्होल्ट आत जातील आणि फ्लॅश जळण्याची दाट शक्यता आहे. यूएसबी तारेने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल याहून वेगळे. त्यांच्या पोटात व्होल्टेज उतरवणारे सर्किट असते, आणि त्या सर्किटला फ्लॅशची भूक झेपेलच असे नाही. ज्यांचे काम मोठे आहे, त्यांनी स्वतःची लिथियम-आयन बॅटरी असलेला फ्लॅशच घ्यावा, हे मी मोकळेपणाने सांगतो. माझ्या दुसऱ्या फ्लॅशमध्ये ती आहे आणि त्याला मी क्वचितच वाट पाहताना पकडले आहे.

तेव्हा पुढील अंकात ती चौकट दुरुस्त करून छापावी, अशी विनंती आहे: फ्लॅशसाठी कमी झिरपणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल, चार-चारांच्या दोन चौकड्या, स्वतंत्र वाहिन्यांचा चार्जर, आणि पिशवीच्या तळाशी, माहितीपुस्तिकेची संमती असेल तर, न फोडलेले लिथियमचे एक पाकीट.

आपला नम्र,
एक वाचक