स्पेनला राहायला जाणाऱ्या आईवडिलांच्या इन्शुरन्सबद्दल कोणी नीट का सांगत नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मध्यंतरी रिटायरमेंटनंतर युरोपात राहण्याबद्दलचा लेख आला होता, त्यात स्पेनच्या नॉन-लुक्रेटिव्ह व्हिसाची माहिती होती, म्हणजे तिथे काम करायचं नाही, स्वतःच्या पेन्शनवर किंवा साठवलेल्या पैशांवर राहायचं असा जो व्हिसा असतो तो. लेख चांगला होता. पण त्यात हेल्थ इन्शुरन्सला फक्त एक ओळ मिळाली होती, "मेडिकल इन्शुरन्स काढावा लागतो" एवढीच, आणि खरं सांगायचं तर साठीच्या पुढच्या मराठी माणसाचं स्पेनला जाणं त्या एका ओळीवरच अडतं. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे आलिकांते प्रांतातल्या तोर्रेव्हिएखा गावात राहते. समुद्राकाठचं, मिठागरांचं गाव आहे, आणि इंग्लंड, स्वीडन, नॉर्वे, रशिया, युक्रेन अशा सगळीकडची माणसं इथे येऊन राहिलीयेत, त्यात म्हातारी माणसं भरपूर. त्यामुळे दवाखाना, कार्ड, पॉलिसी हे विषय इथे बाजारात, बसस्टॉपवर, लिफ्टमध्ये रोज कानावर पडतात.

पहिली गोष्ट म्हणजे लेखात पैशांचा आकडा होता पण तो एकट्या माणसाचा होता. या व्हिसाला वर्षाचं उत्पन्न किंवा शिल्लक दाखवायची ती स्पेनच्या इप्रेम नावाच्या सरकारी निर्देशांकाच्या चौपट, म्हणजे सध्या 600 युरो महिन्याच्या हिशोबाने वर्षाला 28,800 युरो, आणि बायको किंवा नवरा बरोबर असेल तर आणखी 7,200, म्हणजे जोडप्याला 36,000 युरो. पुण्यात फ्लॅट विकून किंवा पीएफच्या पैशांतून हे जमवणारे लोक आहेत. पैसे जमतात हो. अडतं ते पुढे.

कॉन्सुलेटला जी पॉलिसी लागते ती साधी ट्रॅव्हल पॉलिसी चालत नाही. स्पेनमध्ये धंदा करायची परवानगी असलेल्या कंपनीचीच पाहिजे, पूर्ण वर्षाची पाहिजे, सरकारी दवाखान्यात जे जे मिळतं ते सगळं त्यात पाहिजे, डॉक्टरकडे गेल्यावर आपल्या खिशातून काही भरावं लागता कामा नये म्हणजे कोपागो नको, आणि पहिले सहा-आठ महिने अमुक ऑपरेशन मिळणार नाही असा वेटिंग पिरियड पण नको, त्याला इथे कारेन्सिया म्हणतात. सानितास, आदेसलास, डीकेव्ही, आसिसा, माफ्रे या इथल्या ओळखीच्या कंपन्या आहेत आणि व्हिसासाठी लागणारी अशी पॉलिसी यातल्या बहुतेकांकडे मिळते. तरुण माणसाला सहज मिळते. पण वय वाढलं की हप्ता चढतो, एका वयानंतर बऱ्याच कंपन्या नवीन गिऱ्हाईक घेतच नाहीत, आणि त्याआधीच एक फॉर्म येतो ज्याला तब्येतीची प्रश्नावली म्हणतात. डायबेटिस आहे का, बीपी आहे का, हार्टचं काही झालंय का, कोणती गोळी रोज घेता.

आता आपल्याकडे साठीच्या घरात शुगर किंवा बीपी नाही असं जोडपं शोधावं लागेल. आणि इथेच तो घोळ होतो ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं.

व्हिसासाठी एक डॉक्टरी सर्टिफिकेट लागतं, पण त्यात एवढंच म्हणायचं असतं की या माणसाला 2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे सार्वजनिक आरोग्याला धोका होईल असा आजार नाही. म्हणजे साथीचे आजार वगैरे. शुगरशी, बीपीशी, गुडघ्याशी त्याचा काही संबंध नाही. मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, चालू आहे म्हणून स्पेन सरकार कोणाला नाही म्हणत नाही, नाही म्हणते ती इन्शुरन्स कंपनी, किंवा मग त्या आजाराला आणि त्यातून येणाऱ्या सगळ्या गोष्टींना वगळून पॉलिसी देते, आणि तशी वगळलेली पॉलिसी व्हिसाला चालेलच असं नाही. लोकांना हे दोन कागद एकच वाटतात. एजंट लोकांना मात्र फरक नीट माहीत असतो आणि तेच सांगतात की काका, प्रश्नावलीत सगळीकडे नाही लिहा, व्हिसा मिळाला की पुढचं पुढे बघू.

आमच्या ओळखीत नाशिकचे एक काका-काकू असेच आले. एजंटने फॉर्म भरला, काकांनी सही केली, त्यांना स्पॅनिश येत नाही आणि कशावर सही केली ते त्यांना कोणी वाचून दाखवलं नव्हतं. काही महिन्यांनी छातीत दुखायला लागलं, पॉलिसीच्या यादीतल्या खाजगी हॉस्पिटलात गेले, तिथे डॉक्टरने विचारलं शुगर किती वर्षं आहे, काकांनी सरळ माणसासारखं खरं उत्तर दिलं. ते उत्तर रिपोर्टमध्ये गेलं आणि रिपोर्ट कंपनीकडे गेला आणि कंपनीने खर्च द्यायला नकार दिला. कायद्याने कंपनीला तसं करता येतं, स्पेनचा इन्शुरन्स कराराचा 1980 चा कायदा आहे, त्याच्या दहाव्या कलमात स्पष्ट आहे की जाणूनबुजून किंवा मोठ्या निष्काळजीपणाने खोटी माहिती दिली असेल तर कंपनी पैसे देण्यातून मोकळी. शेवटी त्यांना सरकारी हॉस्पिटलात हलवलं, तिथे अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला, सगळं उत्तम केलं त्या लोकांनी, पण काकांचा सरकारी सेवेवर तेव्हा हक्क नव्हता म्हणून नंतर बिल घरी आलं. काकूंचा चेहरा बघवत नव्हता. आयुष्यभर कोणाचं एक रुपया न बुडवलेली माणसं, आणि कागदावर मात्र खोटं लिहून इन्शुरन्स काढणारे ठरले.

मला त्या एजंटचं नाव इथे लिहायचं नाहीये, कारण असं सांगणारा तो एकटा नाही. पण तुमच्या वाचकांना हात जोडून सांगते, शुगर असेल तर शुगर लिहा. एक कंपनी नाही म्हणाली तर दुसरीला विचारा, जास्त हप्ता लावून का होईना घेणारी कंपनी कधी कधी मिळते, ती मिळाली की पॉलिसीत आजार वगळलेला नाही हे लेखी घ्या आणि कोणाकडून तरी वाचून घ्या. आणि कोणीच घेत नसेल तर तो व्हिसा आत्ता आपल्यासाठी नाही हे घरात बसून कळलेलं बरं, घर विकून झाल्यावर कळण्यापेक्षा.

इथल्या इंग्रज शेजाऱ्यांना बघून आपले लोक फसतात. आमच्या बिल्डिंगमध्ये इंग्लंडचे पेन्शनर आहेत, ते कसे आरामात सरकारी दवाखान्यात जातात, औषधं स्वस्तात घेतात. पण त्यांच्याकडे एस-वन नावाचा फॉर्म असतो, त्यांच्या उपचाराचा खर्च त्यांचा देश स्पेनला देतो, ब्रेक्झिटनंतरही पेन्शनरांसाठी ते चालू आहे. भारतीय पेन्शनरला असा कुठलाही फॉर्म नाही. युक्रेनहून आलेल्यांना तात्पुरत्या संरक्षणाखाली सरकारी सेवा मिळते. आणि आमच्यासारखे जे नोकरीवर आलेत त्यांचं सोशल सिक्युरिटीत पगारातून कापलं जातं, त्यामुळे नवरा, बायको, मुलं सगळ्यांना कार्ड मिळतं, आमच्या व्हॅलेन्सिया भागात त्याला सिप कार्ड म्हणतात. म्हणजे एकाच लिफ्टमधून खाली जाणारी तीन माणसं तीन वेगवेगळ्या हक्कांनी एकाच दवाखान्यात जातात, आणि आपले आईवडील यातल्या कुठल्याच रांगेत बसत नाहीत.

पण एक रस्ता आहे आणि तो कोणी सांगत नाही म्हणून जास्त लिहिते. त्याचं नाव कोन्वेनियो एस्पेसियाल, 2013 मध्ये सरकारने सुरू केला. स्पेनमध्ये सलग एक वर्ष कायदेशीर राहून झालं की ज्याला दुसऱ्या कुठल्या मार्गाने सरकारी सेवा मिळत नाही त्याला महिन्याचे पैसे भरून ती घेता येते, 65 च्या आतल्याला 60 युरो आणि 65 च्या पुढे 157 युरो. यात आधीचा आजार आहे का असं कोणी विचारत नाही! शुगर असो, बायपास झालेली असो, हप्ता तोच. फॅमिली डॉक्टर, तपासण्या, स्पेशालिस्ट, ऑपरेशन, अ‍ॅडमिट होणं सगळं मिळतं. फक्त मेडिकलमधून घ्यायच्या गोळ्यांवर सवलत मिळत नाही, त्या पूर्ण किमतीला घ्याव्या लागतात, पण शुगर-बीपीच्या जेनेरिक गोळ्या इथे फार महाग नाहीत. साठीच्या पुढच्या माणसाला खाजगी पॉलिसीचा हप्ता दीडशे-दोनशे युरोपर्यंत सहज जातो, ते बघता हे खूपच बरं आहे. म्हणजे खरा प्रश्न पहिल्या वर्षाचा आहे, ते वर्ष खऱ्या पॉलिसीवर निघालं पाहिजे.

आणि ते एक वर्ष मोजलं जायचं तर नगरपालिकेच्या पाद्रोनमध्ये, म्हणजे रहिवासी नोंदणीत, आल्या आल्या नाव घालायला पाहिजे. भाड्याचा करार आणि पासपोर्ट घेऊन जायचं, काही अवघड नाही, पण लोक आळस करतात किंवा घरमालक नको म्हणतो म्हणून गप्प बसतात. गप्प बसू नका. इथल्या गावांना पैसा, डॉक्टर, नर्सेस हे नोंदलेल्या लोकसंख्येवरून मिळतं. आमच्या इथलं मोठं हॉस्पिटल 2006 पासून 2021 पर्यंत सरकारने खाजगी कंपनीला चालवायला दिलं होतं, तिला माणशी पैसे मिळायचे, नंतर ते परत सरकारकडे आलं, पण दोन्ही पद्धतीत ज्याची नोंद नाही तो कोणाच्याच हिशोबात नसतो आणि उन्हाळ्यात गावात माणसं दुप्पट-तिप्पट झाली की इमर्जन्सीत ताटकळत बसतात ते सगळेच.

सरकारी सेवेबद्दल चांगलंच लिहावंसं वाटतं मला. 1986 च्या कायद्याने स्पेनने सगळ्यांसाठी एक आरोग्य व्यवस्था उभी केली, ती 17 स्वायत्त प्रदेशांची सरकारं चालवतात. 2012 मध्ये मंदीच्या नावाखाली कागदपत्रं नसलेल्या परदेशी माणसांची कार्डं काढून घेतली होती तेव्हा इथल्या कितीतरी डॉक्टरांनी आम्ही पेशंट परत पाठवणार नाही अशी भूमिका घेतली, आणि 2018 मध्ये तो हक्क परत दिला गेला. हे वाचून मला इथल्या लोकांबद्दल फार आदर वाटला. वॉर्डात पेशंटशेजारी घरच्या माणसासाठी आरामखुर्ची असते, रात्रभर बायको किंवा मुलगी बसलेली असते, आपल्यासारखंच. त्रास आहे तो स्पेशालिस्टच्या तारखेचा, तातडीचं नसेल तर महिने जातात, आणि दात सरकारी सेवेत जवळजवळ नाहीतच, काढून देतात, बाकी सगळं स्वतःच्या खर्चाने. भाषेचंही आहे, सरकारी दवाखान्यात इंग्रजी बोलणारं कोणी भेटेलच असं नाही, म्हणून आजारांची आणि गोळ्यांची यादी स्पॅनिशमध्ये करून पर्समध्ये ठेवावी, त्यात गोळीचं कंपनीचं नाव नको, औषधाचं नाव लिहायचं, कारण आपल्या मेडिकलमधली ब्रँडची नावं इथे कोणाला कळत नाहीत.

जे फक्त भेटायला येतात, तीन महिन्यांच्या शेंगेन व्हिसावर, त्यांची पॉलिसी वेगळी. तिला किमान 30,000 युरोचं कव्हर लागतं, पण ती अचानक झालेल्या गोष्टीसाठी असते, जुन्या आजारासाठी सहसा नसते, तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला येणाऱ्या आईने आधीचा आजार किती कव्हर होतो ते विचारूनच पॉलिसी घ्यावी, दोन-तीन हजार जास्त गेले तरी. तब्येत बिघडली तर 112 ला फोन करायचा, इमर्जन्सीत आधी उपचार होतात, पैशाचं नंतर.

अजून एक कळकळीने सांगते. इकडे यायचं ठरलं म्हणून तिकडची मेडिक्लेम बंद करू नका. हप्ता वाचतो म्हणून लोक करतात. बंद केली की इतक्या वर्षांचं सातत्य गेलं, परत काढली तर जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. भारतात 2024 पासून 65 नंतर नवीन पॉलिसी घ्यायला वयाची आडकाठी राहिलेली नाही हे खरं, पण थांबायचा काळ आहेच. आणि स्पेनची कंपनी दर वर्षी पॉलिसी पुढे चालू ठेवेलच असं नाही, दोन महिने आधी नोटीस देऊन ती नूतनीकरण नाकारू शकते. अशा वेळी पुण्या-मुंबईत चालू असलेली जुनी पॉलिसी हाच आधार असतो, गुडघ्याचं ऑपरेशन तिकडे जाऊन करून येणारे लोक मला माहीत आहेत.

माझी विनंती एवढीच आहे की पुरवणीत पुन्हा असा लेख छापाल तेव्हा घरभाडं आणि हवामान थोडं कमी करून प्रश्नावली, पहिलं वर्ष आणि कोन्वेनियो यावर एक चौकट द्या. आणि "शंभर टक्के व्हिसा, आजार असला तरी" अशा जाहिराती येतात त्या छापण्याआधी जाहिरातदाराला विचारा की तुम्ही शुगरच्या पेशंटला प्रश्नावलीत काय लिहायला सांगता.

आपली नम्र,
एक वाचक, तोर्रेव्हिएखा, स्पेन