सात गाणी, एका दमात

घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही मित्रमैत्रिणी एका खोलीत बसून दिल्लीच्या इंडियन ओशन बँडचा ‘16/330 खजूर रोड’ हा आल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणार, हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्या भजनी मंडळाला त्यात काय ऐकू येतं ते लिहून पाठवा म्हणालीस. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून कपाशीच्या वेचणीला हात घातला होता, पहिला वेचा घरात आला. आता चण्याचं ओलित तेवढं सुरू आहे. दिवसा सवड आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तिथे सगळ्यांना वाचून दाखव.

या आल्बमला पाहिजे तेवढं मोल मिळालं नाही, हे माझं ठाम मत आहे. इंडियन ओशन म्हटलं की लोक ‘कंदिसा’चं नाव घेतात. 2000 सालचा तो आल्बम मोठाच आहे, त्याबद्दल वाद नाही. केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना, तिचा एक शब्द आपल्याला कळत नाही आणि तरी माणूस जागचा हलत नाही. नाहीतर मग ‘ब्लॅक फ्रायडे’ सिनेमातल्या ‘बंदे’चं नाव घेतात. खजूर रोडचं नाव काढलं की मात्र गाणं समजणारी माणसंही आठवायला लागतात.

मला त्याचं एक कारण दिसतं. कंपनीच्या मागे न लागता गाणी सरळ लोकांच्या हाती द्यायची, असं त्यांनी ठरवलं. 2010 च्या जुलैपासून दर महिन्याला एक गाणं, वेबसाइटवरून कुणीही उतरवून घ्यावं, पैसा नको. फार उमद्या मनाचं काम होतं ते. पण महिन्याला एक गाणं आलं की ऐकणाराही महिन्याला एकदाच ऐकतो. सातवं येईपर्यंत पहिलं मागे पडतं. आणि जे फुकट मिळालं ते आपल्या लोकांना हलकंच वाटतं. ‘चांद’ सगळ्यांत आधी आलं, पुष्कळांनी तेवढंच ऐकलं. ते गोड आहे, पण त्या एकावरून सगळ्या आल्बमचं माप काढू नका.

आमच्याकडे तो आला तो वेगळ्याच वाटेने. तू अमरावतीला शिकत होतीस, दिवाळीला आलीस तेव्हा तुझ्या मेमरी कार्डात सातही गाणी एका फोल्डरमध्ये होती. कार्ड माझ्या मोबाइलमध्ये टाकून तू परत गेलीस. तेव्हाही ओलिताची लाईन रात्रीचीच असायची. मोटर सुरू करायची, दांडाचं तोंड एका सरीतून काढून दुसरीकडे फिरवायचं, पुन्हा पुढच्या सरीला जायचं. हात कोपरापर्यंत चिखलात. मोबाइल सदऱ्याच्या खिशात वाजत असतो, पण गाणं बदलायला कोरडं बोट कुठून आणणार? म्हणून जे लागलं ते पूर्ण ऐकायचं, त्याच्या मागचंही पूर्ण ऐकायचं. मोबाइल गाणी इंग्रजी नावांप्रमाणे लावतो. त्यामुळे ‘चांद’ संपलं की ‘डरते हो’, मग ‘जोगिया’, मग ‘शून्य’, आणि शेवटी ‘सोने की नगरी’. हा क्रम मोबाइलने लावलेला, पण माझ्या कानात आता तोच पक्का बसला आहे. शहरातल्या लोकांना हा आल्बम तुकड्यातुकड्याने मिळाला आणि आम्हाला एका दमात मिळाला. म्हणून मी म्हणतो, आम्ही तो जास्त नीट ऐकला आहे.

आता मुख्य गोष्ट सांगतो, ती बँडमधल्या असीम चक्रवर्तीची. तो गायचा आणि गाता गाता स्वतःच तबला वाजवायचा. तुला माहीत आहे, मंडळात खंजिरी माझ्या हाती असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी वाजवत गाऊन गावंच्या गावं जागी केली. मोझरीच्या गुरुकुंजापासून आपल्या पारापर्यंत ती रीत आली, आणि आम्ही त्यातच वाढलो. गाणाऱ्यानेच ठेका धरला की गाण्याचं काय होतं, हे मी हातावरून सांगू शकतो. वाजवणारा दुसरा असला की गाणारा त्याच्यावर निर्धास्त रेलतो. स्वतः वाजवत असला की श्वास आणि हात यांचा हिशेब एकत्र ठेवावा लागतो. आवाज वर चढवताना थाप आपोआप हलकी पडते. शब्द सुटला की पंजा मोकळा होतो आणि थाप भरून येते. त्यामुळे शब्द मात्रेच्या अगदी डोक्यावर पडत नाही, केसभर आधी नाहीतर केसभर मागे पडतो, आणि गाणं बोलल्यासारखं वाटतं. असीमचं गाणं ऐकताना हे लक्ष देऊन ऐका. आवाज पुढे असतो तेव्हा तबला कसा मागे सरकतो, आणि आवाज थांबला रे थांबला की कसा पुढे येऊन जागा घेतो. हे शिकवून येत नाही, एकाच माणसाच्या अंगात दोन्ही असावं लागतं.

तो 25 डिसेंबर 2009 ला गेला. गाणी त्याच्या हयातीत रेकॉर्ड झालेली होती, पण पहिलं गाणं लोकांच्या हातात पडलं तेव्हा तो नव्हता. पुढे बँडने त्याच्या जागी दोन माणसं घेतली, गायला हिमांशू जोशी आणि वाजवायला तुहीन चक्रवर्ती. दोघंही तयारीचे आहेत. आमच्या मंडळाच्या पेटीवाल्या काकांना मी हे सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “बराबर केलं त्यायनं. एकट्याच्यानं ते होतच नाही.”

बाकीच्या तिघांबद्दलही लिहिलं पाहिजे. सुस्मित सेनचं गिटार साथीला म्हणून वाजत नाही, ते आपली एक ओळ धरतं आणि तीच फिरवत फिरवत थोडी थोडी बदलत नेतं. पुढे 2013 मध्ये तोही बँडमधून बाहेर पडला. असीम आधीच गेलेला, म्हणून या चौघांचं एकत्र ऐकायला मिळतं ते इथे शेवटचं. अमित किलम ड्रम वाजवतो, आणि गबगुबीही. गबगुबी म्हणजे बंगालच्या बाऊलांचं वाद्य, आपल्या चौंडक्याच्या जातीचं, तार ताणून सूर वरखाली करतात ते. बेस वाजवणारा राहुल राम पर्यावरणाच्या विषात, म्हणजे माती-पाण्यात उतरणाऱ्या विषांच्या शास्त्रात, अमेरिकेतून डॉक्टरेट करून आलेला माणूस. आल्यावर नोकरी धरून बसला नाही, नर्मदा खोऱ्यात आंदोलनात उतरला. ‘मा रेवा’ हे गाणं तिथूनच बँडमध्ये आलं. कपाशीवर फवारणी करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या शिक्षणाची किंमत जास्त कळते.

हा बेस मोबाइलच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही. मला कित्येक दिवस माहीतच नव्हतं की गाण्याच्या तळाशी एवढं काही चाललं आहे. मग गणपतीत मंडळाचा साउंड आला, तेव्हा पोट्ट्यांनी मोबाइल त्याला जोडला. ‘जोगिया’ लागलं आणि खालचा सूर छातीत वाजायला लागला. खुर्च्या मांडत होते ते हातातली खुर्ची तशीच धरून उभे राहिले. तुम्ही काहीही करा, चांगले स्पीकर आणा, नसतील तर भाड्याने आणा. मोबाइल टेबलावर ठेवून ऐकलं तर अर्धाच आल्बम ऐकला म्हणून समज.

‘डरते हो’बद्दल वेगळं लिहितो, कारण मंडळात सगळ्यांत जास्त वेळा लावलं जातं ते हेच. मूळ उर्दू कविता नून मीम राशिद यांची आहे, 1975 साली वारलेले मोठे कवी. तालुक्याच्या उर्दू शाळेतल्या गुरुजींनी आम्हाला ती शब्दाशब्दाने समजावून दिली. कवी विचारतो, आयुष्याला भितोस? अरे, आयुष्य म्हणजे तूच तर आहेस, आणि आम्हीही आहोत. माणसाला भितोस? माणूस तर तूही आहेस. हेच गाणं ‘पीपली लाइव्ह’मध्येही आहे, कर्जापायी मरायला निघालेल्या शेतकऱ्याच्या सिनेमात, तोही 2010 चाच.

आपल्या जिल्ह्यात मी याच्यावर जास्त काय लिहू? मंडळ म्हणून आम्ही अशा घरी जाऊन बसलो आहोत. तेरवीच्या रात्री ओट्यावर सतरंजी टाकतात, समोर फोटो असतो, आणि पहिलं भजन कोणतं घ्यावं हे कुणाला सुचत नाही. आमच्यातल्याच एकाचा धाकटा भाऊ असा गेला. वर्षभर तो मंडळात आला नाही. आला त्या रात्री भजनं आटोपल्यावर पोट्ट्यांनी ‘डरते हो’ लावलं. त्याने ते ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पुन्हा लाव.” मग आणखी एकदा लावायला सांगितलं. त्यानंतर त्याचा एक शनिवार चुकलेला नाही. गाण्याने त्याचं दुःख फिटलं असं मी म्हणत नाही. पण दिल्लीच्या करोल बागेतल्या एका जुन्या घरात बसवलेलं गाणं आमच्या पारावर येऊन त्याच्याशी बोललं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आल्बमचं नाव म्हणजे त्याच घराचा पत्ता. जिथे ते रोज बसून वाजवायचे त्या घराचं नाव गाण्यांना दिलं, हे मला फार आवडतं.

तुझे मित्र विचारतील की मग हा आल्बम ‘कंदिसा’पेक्षा चांगला का? ‘कंदिसा’त ते सूर शोधत आहेत, आणि शोधण्याचा आनंद त्यात आहे. खजूर रोडमध्ये चौघं एकमेकांना इतके ओळखून आहेत की कुणी पुढे येण्याची धडपड करत नाही. आमच्या मंडळात ही गोष्ट यायला जन्म जातो. माझ्या कानाला खजूर रोड वरचढ आहे, आणि हे मी त्यांच्या समोरही सांगेन.

ऐकताना मध्ये बोलू नका, गाणं पुढे ढकलू नका. ज्याला आवडणार नाही त्यानेही सातही ऐकून मगच बोलावं.

एक काम कर. मंडळातली पोट्टी ‘डरते हो’ खंजिरीवर बसवत आहेत. ठेका मी लावून दिला आहे, पण उर्दू उच्चारांत अडतात. पूर्ण कविता देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून पाठव, आणि जिथे नुक्ता, म्हणजे अक्षराखालचं टिंब, आहे तिथे लाल पेनाने खूण कर. गुरुजी शनिवारी येणार आहेत, त्याच्या आधी मिळालं तर बरं.

तुझ्या आईने तुरीच्या ओल्या शेंगा काढून ठेवल्या आहेत, गावातलं कुणी पुण्याला निघालं की त्याच्या हाती पाठवतो.

तुझा,
बाबा