दहा गुलमोहर म्हणजे एक उंबर नव्हे

मा. संपादक,
स. न.

आमच्या गावाजवळ (ता. संगमेश्वर) रस्ता रुंद करताना उंबराची तीन जुनी झाडं तोडली. ‘एकाच्या बदल्यात दहा लावू’ असं सांगितलं होतं. लावले ते गुलमोहर आणि अकेशिया. हा हिशेब मला मान्य नाही, म्हणून हे पत्र.

उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, कारण ते फळाच्या आतच फुलतं. ज्याला आपण फळ म्हणतो ती बारीक बारीक फुलांची बंद पिशवी असते. उंबर फोडून केंबरं काढू नयेत असं आपल्याकडे म्हणतात, पण त्या केंबरांवाचून उंबराला बी धरत नाही. केंबरं म्हणजे फळातली ही गांधीलमाशीच्या गोतातली जेमतेम दोन मिलिमीटरची माशी. फळाच्या टोकाच्या छिद्रातून घुसताना मादीचे पंख तुटतात. आत ती काही फुलांत अंडी घालते, अंगावरचे पराग बाकीच्या फुलांना लावते आणि तिथेच मरते. तिच्या पिल्लांतले नर बिनपंखांचे. बाहेरची वाट कोरायची आणि आतच संपायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. त्या वाटेने नव्या माद्या पराग घेऊन उडतात.

या माद्या जगतात एखाद-दोन दिवस. तेवढ्यात त्यांना दुसरा उंबर गाठावा लागतो, तोही नेमका कोवळ्या फळांवर आलेला. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी. उंबराच्या माशीला उंबरच लागतो. म्हणून परिसरात पुष्कळ उंबर हवेत, एक पिकत असताना दुसरा धरणारा. मधले तोडत गेलो तर राहिलेल्या झाडाचीही फळं पिकण्याआधीच गळू लागतील.

मग हरियाल, कुटुर्गा हे पक्षी आणि वटवाघळं खाणार काय? उन्हाळ्यात धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते आणि नर चोचीतून फळं आणून फटीतून तिला भरवतो. त्यांत उंबर-वडाची फळं पुष्कळ असतात. बाकीचं रान रिकामं असतानाही ही झाडं फळतात.

माझी मागणी साधी आहे. तोडलेल्या झाडांच्या यादीत नुसता आकडा नको, जातही लिहावी आणि उंबराच्या जागी उंबरच लावावा. वडाच्या जाड फांद्या तर नुसत्या रोवल्या तरी जगतात. पुढच्या टप्प्यात आमच्या वाडीच्या वळणावरचे दोन उंबर आहेत. पावसाळ्याआधी त्यांचा निर्णय होणार आहे.

– एक वाचक, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी